हातांतील लेसर व डोळ्यांवरील चष्मा

सूर्यग्रहण लागलें म्हणजे घरांतील वडीलधारी माणसें मुलांना एक गोष्ट आवर्जून बजावीत: सूर्याकडे उघड्या डोळ्यांनीं पाहूं नका. मग कांचेच्या तुकड्यावर दिव्याची काजळी धरून तो तुकडा मुलांच्या हातीं दिला जाई. सावधगिरीमागचा हेतु चांगला होता. साधन मात्र भरंवशाचें नव्हतें. काजळीचा थर एका जागीं जाड तर दुसऱ्या जागीं पातळ असे, आणि जे किरण डोळ्याला मुळींच दिसत नाहींत ते त्या थरांतून किती पार होतात, हें घरांतील कोणालाहि सांगतां येत नसे. झगझगाट कमी झाला म्हणजे धोका टळला, अशी समजूत त्या काजळीच्या कांचेनें करून दिली. आज ग्रहणासाठीं चांगले चष्मे मिळतात. परंतु ती जुनी समजूत नाहींशी झालेली नाहीं. ती आतां लेसरच्या किरणाबरोबर शहरांतील घराघरांत शिरूं पाहत आहे.

लेसरचा जन्म १९६० सालचा. त्या वर्षाच्या मे महिन्याच्या १६ तारखेस अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील मालिबू येथें, ह्यूज कंपनीच्या संशोधनशाळेंत, थिओडोर मेमन या शास्त्रज्ञानें कृत्रिम माणकाच्या एका लहानशा कांडींतून गडद लाल प्रकाशाचा पहिला झोत काढून दाखविला. त्या काळीं तें मोठ्या प्रयोगशाळेंतील नवल होतें. आज तेंच नवल पेनाएवढ्या नळींत बसून शाळेंत, सभागृहांत, सुताराच्या पेटींत आणि मुलांच्या खिशांत जाऊन पोंचलें आहे. फळ्यावर बोट दाखविण्यासाठीं वापरला जाणारा मंद लाल ठिपका, भिंतीवर सरळ रेषा आंखून देणारें गवंड्याचें उपकरण आणि दूरवरच्या फुग्याला भोंक पाडणारा निळा झोत, हीं सारीं एकाच कुळांतील भावंडें होत. त्यांची शक्ति मात्र सारखी नाहीं, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील एका सुशिक्षित घराची कल्पना करावी. विज्ञानशाखेंत शिकणाऱ्या मुलानें साठविलेल्या पैशांतून हातांत धरण्याचा निळा लेसर मागविला आहे. त्यावर एक वॅट शक्ति असल्याचें छापलें आहे. खोक्यांत लेसरबरोबर लाल प्लास्टिकचा एक चष्मा फुकट आला आहे. मुलगा चष्मा लावून लांकडाच्या फळीवर नांव कोरूं लागतो, धाकटी बहीण "दादा, मला बघूं दे ना!" म्हणून जवळ येते. वडील दारांतून विचारतात, "अरे, हा चष्मा खरोखर उपयोगाचा आहे का?" मुलगा सहज उत्तर देतो, "बाबा, लेसरचाच आहे तो. पेटींतच मिळाला." या उत्तरांत तो कांहीं खोटें बोलत नाहीं. परंतु वडिलांच्या प्रश्नाचें उत्तरहि त्यांत मिळत नाहीं. तें उत्तर शोधावयाचें तर प्रथम डोळ्याकडे, मग झोताकडे आणि शेवटीं चष्म्याकडे वळलें पाहिजे.

साधा विजेचा दिवा आपला प्रकाश चहूंकडे उधळतो. त्यांतील अगदीं क्षुल्लक अंश बघणाऱ्याच्या बाहुलींत शिरतो. लेसरचा किरण असा पसरत नाहीं. तो दोरीसारखा सरळ जातो, आणि वाटेंत डोळा आला तर त्यांतील बहुतेक सर्व शक्ति एका बाहुलींतून आंत जाऊं शकते. एवढ्यावरच भागत नाहीं. उन्हांत भिंग धरून कागद जाळण्याचा खेळ पुष्कळांनीं लहानपणीं केलेला असतो. डोळ्याच्या पुढल्या भागांतहि असेंच भिंग आहे. अंधारांत बाहुली सुमारें ७ मिलिमीटर रुंद होते. तेवढ्या रुंदीचा समांतर किरण डोळा आपल्या मागच्या पडद्यावर मिलिमीटरच्या सुमारें पन्नासाव्या भागाएवढ्या बिंदूंत गोळा करतो. या गोळा करण्यामुळें प्रकाशाची तीव्रता बाहुलीपाशीं होती त्याच्या जवळजवळ एक लक्ष पट होते. मागच्या पडद्यास दृष्टिपटल म्हणतात. त्याच्या मध्यभागीं असलेल्या इवल्याशा खळग्यानें माणूस अक्षरें वाचतो, चेहरे ओळखतो, सुईंत दोरा ओंवतो. त्या जागीं डाग पडला तर बाकीचा सारा डोळा शाबूत असूनहि समोरचें वाक्य वाचतां येत नाहीं.

दुःखाची गोष्ट अशी कीं दृष्टिपटलाला वेदना कळत नाहींत. बोट भाजलें तर हात आपोआप मागें येतो. दृष्टिपटल भाजलें तर एक लखलखाट दिसतो आणि नंतर दृष्टीच्या मध्यावर एक काळा किंवा रंगीत ठिपका राहतो. मेलेल्या प्रकाशपेशी पुन्हां उगवत नाहींत. प्रकाशानें दृष्टिपटल भाजतें ही गोष्ट वैद्यांना लेसरच्या आधींपासून ठाऊक होती. जर्मनींतील नेत्रवैद्य गेर्ड मायर-श्विकराथ यांनीं १९४५ च्या सूर्यग्रहणानंतर अशा जखमा पाहिल्या आणि त्यांतूनच, सूर्याचा प्रकाश मोजून-मापून आंत सोडून दृष्टिपटलावरील विकार भाजून बरे करण्याची कल्पना पुढें आणली. आज नेत्रवैद्य हेंच काम लेसरनें करतात. ज्या किरणानें वैद्य मधुमेही रोग्याची दृष्टि वांचवितो, तोच किरण अजाण हातांत दृष्टि घेऊन जातो. फरक फक्त मोजमापाचा आहे.

हें मोजमाप सर्वांना कळावें म्हणून लेसरचे वर्ग ठरविण्यांत आले आहेत. दृश्य प्रकाशाचा एक मिलिवॅटपर्यंतचा लेसर दुसऱ्या वर्गांत मोडतो. असा किरण अवचित डोळ्यावर पडला तर माणूस सुमारें पाव सेकंदांत डोळा मिटतो किंवा मान फिरवितो, आणि तेवढ्या वेळांत इजा होत नाहीं असें मानलें जातें. पांच मिलिवॅटपर्यंतचा लेसर '३ आर' वर्गांत येतो; त्यांत धोका थोडा आहे, पण आहे. पांचशें मिलिवॅटपर्यंतचा लेसर '३ बी' वर्गाचा, आणि त्यापुढील सर्व लेसर चौथ्या वर्गाचे. या शेवटच्या दोन वर्गांसमोर पापणीचा वेग पुरा पडत नाहीं. डोळा मिटेपर्यंत जें व्हावयाचें तें होऊन गेलेलें असतें. चौथ्या वर्गांत तर थेट किरणच नव्हे, जवळच्या भिंतीवर किंवा लांकडावर पडलेला ठिपका टक लावून पाहणेंहि घातक ठरूं शकतें. वरील मुलाच्या हातांतील एक वॅटचा लेसर म्हणजे हजार मिलिवॅटचा, अर्थात् चौथ्या वर्गाचा. त्याचा किरण दर मीटरला एक मिलिमीटर इतकाच रुंदावत असेल, तर थेट डोळ्यावर पडल्यास तो सुमारें सव्वादोनशें मीटर अंतरापर्यंत धोक्याचा राहतो. म्हणजे खिडकींतून सुटलेला झोत दोन-तीन चाळी ओलांडून गेला तरी त्याचें विष उतरलेलें नसतें.

आतां चष्म्याचा विचार. पहिला नियम असा कीं 'लेसरचा चष्मा' अशी एकच एक वस्तु अस्तित्वांत नाहीं. 'औषधाची बाटली' म्हटल्यानें जसें कोणत्या रोगावरचें औषध तें कळत नाहीं, तसेंच हें आहे. प्रत्येक लेसरच्या प्रकाशाला आपली स्वतःची तरंगलांबी असते आणि ती नॅनोमीटर या सूक्ष्म मापांत सांगतात. हातांत धरण्याचे निळे लेसर बहुधा ४४५ ते ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतात. हिरवे ५२० किंवा ५३२ ला. तांबडे ६३५ ते ६६० च्या दरम्यान. जांभळे ४०५ ला. चष्म्याची कांच यांपैकीं कांहीं लांबींचा प्रकाश शोषून घेते आणि बाकीचा सोडून देते. बाकीचा सोडला नाहीं तर चष्मा लावणाऱ्याला कांहींच दिसणार नाहीं. तेव्हां चष्मा घेण्यापूर्वीं लेसरच्या पट्टीवरील तरंगलांबीचा आंकडा पाहावा आणि चष्म्यावर छापलेल्या मर्यादेंत तो आंकडा बसतो कीं नाहीं हें ताडून घ्यावें. चष्म्यावर आंकडाच छापलेला नसेल तर पुढची चौकशी करण्याचें कारण उरत नाहीं. तो चष्मा परत करावा.

कांचेच्या रंगावरून अंदाज बांधण्याचा मोह पुष्कळांना होतो. लाल किंवा नारिंगी कांच निळा प्रकाश अडविते, हें सामान्यतः खरें आहे. ती लाल दिसते याचा अर्थच असा कीं ती लाल प्रकाशाला वाट देते आणि निळा गिळते. परंतु किती गिळते? शंभरांतील नव्वद भाग कीं शंभर सहस्रांतील नव्व्याण्णव सहस्र नऊशें नव्व्याण्णव? डोळ्याला दोन्ही कांचा सारख्याच लाल दिसतील. शिवाय या मुलाचा एखादा मित्र संध्याकाळीं तांबडा लेसर घेऊन आला, तर हाच लाल चष्मा त्या तांबड्या किरणाला जवळजवळ उघडी खिडकी होईल. चष्मा तोच, खोली तीच, मुलगा तोच. एका लेसरला जें कवच, तें दुसऱ्याला मोकळें दार. म्हणून एकाहून अधिक रंगांचे लेसर घरांत असतील तर प्रत्येकाची डबी आणि त्याचा चष्मा एकत्र ठेवून त्यांवर खूण करणें हाच शहाणपणाचा मार्ग.

'किती' या प्रश्नाचें उत्तर देणारा आंकडा म्हणजे प्रकाशीय घनता. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'ओ डी' असें लिहितात. नांव अवघड आहे, गणित अगदीं सोपें. घनतेचा आंकडा जितका, तितकीं शून्यें किरणाच्या शक्तींतून कमी करावयाचीं. घनता १ असेल तर दहावा हिस्सा पार होतो. २ असेल तर शंभरावा. ३ असेल तर हजारावा. ४ असेल तर दहा हजारावा. आतां मुलाच्या लेसरला हें गणित लावावें. शक्ति हजार मिलिवॅट. ती पाव सेकंदाच्या नजरचुकीला चालेल अशा एका मिलिवॅटवर आणावयाची तर तीन शून्यें कमी झालीं पाहिजेत. म्हणजे ४५० नॅनोमीटरला घनता निदान ३ पाहिजे. परंतु हा अगदीं कांठावरचा हिशेब झाला. किरण पाव सेकंदापेक्षां अधिक काळ, समजा दहा सेकंद, डोळ्यांत राहिला तर सुरक्षित मर्यादा अर्ध्या मिलिवॅटच्याहि खालीं येते, आणि तेथें ३ ची घनता अपुरी पडते. त्यांत स्वस्त लेसरच्या पट्टीवरील शक्ति खरी असतेच असें नाहीं. म्हणून जाणकार एक शून्य हातचें राखून ४ किंवा त्याहून थोडी अधिक घनता घेतात. पांच वॅटचा दावा करणाऱ्या लेसरला याच रीतीनें ४ ची घनता जेमतेम, आणि ५ ची योग्य.

मग सरळ सर्वांत मोठा आंकडा कां घेऊं नये? त्यांतहि एक मेख आहे. घनता फार वाढविली कीं कामाच्या जागेवरचा ठिपका दिसेनासा होतो, आणि कांहीं कांचांत खोलींतील बाकीचा उजेडहि फार मंद होतो. मग काम करणारा माणूस काय करतो? ठिपका नीट पाहण्यासाठीं तो क्षणभर चष्मा कपाळावर सरकवितो. त्या एका क्षणांत त्यानें चष्म्यावर खर्च केलेले सारे पैसे व्यर्थ जातात. म्हणून चष्म्यांतून साधा उजेड किती टक्के दिसतो हाहि आंकडा पाहावा. तो वीस टक्क्यांहून कमी असेल तर खोलींत दिवे अधिक लावावेत. उजेड भरपूर असला कीं बाहुलीहि लहान राहते, हा त्यांतील दुसरा लाभ. अंधाऱ्या गच्चीवर झोत अधिक देखणा दिसतो खरा, पण डोळ्याचें दार त्याच वेळीं सर्वांत मोठें उघडलेलें असतें.

हिरव्या लेसरची गोष्ट स्वतंत्रपणें सांगण्यासारखी आहे. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण देणाऱ्या जुन्या घडणीच्या नळींत मुळांत हिरवा प्रकाश निर्माणच होत नाहीं. तिच्यांत प्रथम ८०८ नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा अवरक्त किरण निघतो. एक स्फटिक त्याचें रूपांतर १०६४ च्या पूर्ण अदृश्य किरणांत करतो. आणि दुसरा स्फटिक त्याची लांबी निम्मी करून ५३२ चा हिरवा किरण बाहेर काढतो. हें रूपांतर पुरें होत नाहीं; उरलेले अवरक्त किरण अडविण्यासाठीं तोंडाशीं एक लहानशी गाळणी बसवावी लागते. पैसे वांचविण्यासाठीं ती गाळणी गाळली, तर हिरव्या झोताबरोबर अदृश्य झोतहि बाहेर पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०१० सालीं असें एक स्वस्त उपकरण तपासलें. त्यावर १० मिलिवॅट लिहिलें होतें. हिरवा प्रकाश तर मंदच होता, पण अवरक्त किरण मात्र जवळजवळ २० मिलिवॅट निघाले. दृश्य किरणाला पापणी मिटते. अदृश्य किरणाला ती मिटणार कशी? तरीहि डोळ्याचें भिंग १४०० नॅनोमीटरपर्यंतचे अवरक्त किरण इमानानें दृष्टिपटलावर गोळा करीत राहतें. त्याच संस्थेनें २०१३ सालीं १२२ लेसर-पॉइंटर तपासल्याचें प्रसिद्ध केलें; त्यांतील हिरव्यांपैकीं जवळजवळ ९० टक्के आणि तांबड्यांपैकीं सुमारें ४४ टक्के तेथील सुरक्षा-नियमांत बसले नाहींत. तेथें अशा पॉइंटरची मर्यादा ५ मिलिवॅट आहे. तात्पर्य, पट्टीवरील आंकडा ही विक्रेत्याची साक्ष असते, आणि ती तपासून घ्यावी लागते. ५३२ च्या हिरव्या लेसरसाठीं चष्मा घेतांना ८०८ आणि १०६४ या आंकड्यांनाहि तो पुरेशी घनता देतो कीं नाहीं हें पाहणें म्हणूनच आवश्यक आहे. ५२० चे नव्या घडणीचे हिरवे लेसर थेट हिरवाच प्रकाश देतात. त्यांत ही अदृश्य गळती नसते.

चष्म्यावरील खुणा कशा वाचाव्या? अमेरिकन पद्धतींत तरंगलांबीची मर्यादा आणि तिच्यापुढें 'ओ डी' चा आंकडा असतो. युरोपांत 'ई एन २०७' या मानकाप्रमाणें तरंगलांबी, मग अखंड किरणासाठीं 'डी' हें अक्षर, आणि 'एल बी' या अक्षरांपुढें श्रेणीचा आंकडा लिहितात. या युरोपीय पद्धतींत कांचेनें किरण किती अडविला एवढेंच पाहत नाहींत. थेट झोत ठराविक काळ झेलून कांच आणि तिची चौकट वितळूं अगर फुटूं नये, अशीहि अट असते. चौथ्या वर्गाच्या लेसरसाठीं ही अट फार मोलाची आहे, कारण जी प्लास्टिकची कांच मंद किरणाला उत्तम अडविते, तीच प्रखर झोताखालीं कांहीं क्षणांत भोंक पडून निकामी होऊं शकते. 'ई एन २०८' या दुसऱ्या मानकाचे चष्मे जुळणीच्या कामासाठीं असतात. ते मुद्दामच ठिपका थोडासा दिसूं देतात, म्हणून नवशिक्यानें त्यांच्या वाटेस जाऊं नये. नुसतीं 'सी ई' हीं दोन अक्षरें छापलेलीं असलीं म्हणजे परीक्षा झाली असें समजूं नये. छापखान्यांत अक्षरें कोणालाहि छापतां येतात. विश्वासू उत्पादक प्रत्येक चष्म्याबरोबर कोणत्या तरंगलांबीस किती घनता आहे याचा आलेख देतो. तो मागावा, आणि मिळाला नाहीं तर दुसरें दुकान पाहावें.

कित्येकांना वाटतें, चष्मा लावून भिंतीवर झोत टाकला, ठिपका दिसला नाहीं, म्हणजे परीक्षा झाली. ही परीक्षा अपुरी आहे. शंभरावा हिस्सा पार होतो कीं दहा हजारावा, हें डोळ्याला नेमकें सांगतां येत नाहीं. आणि अवरक्त किरण तर दिसतच नाहींत. खरें मोजमाप शक्तिमापक यंत्रानेंच होतें. अशा परीक्षेसाठीं चष्मा स्वतःच्या डोळ्यांवर चढवून किरणाकडे पाहणें हा तर शुद्ध अविचार होय. उन्हाचा काळा चष्मा हेंहि लेसरचें कवच नव्हे. तो प्रकाशाचा मोठा भाग अडवितो असें म्हटलें तरी दहा-वीस टक्के आंत येऊं देतो. हजार मिलिवॅटचे दोनशें उरले तर डोळ्याच्या दृष्टीनें त्यांत कांहींच बदललेलें नसतें. उलट अंधारलेल्या कांचेमागें बाहुली रुंद होऊन बसते.

चष्मा योग्य मिळाला तरी तो नीट बसला पाहिजे. लेसरचा किरण घड्याळाची कांच, स्टीलचें भांडें, खिडकीचें तावदान, दाराची गुळगुळीत मूठ यांवरून उसळी घेऊन बाजूनें येतो. म्हणून दोन्ही कानशिलांकडील बाजू झांकणारा, कपाळाशीं व गालांशीं फट न ठेवणारा चष्मा घ्यावा. ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्यांनीं त्यावरून चढविण्याजोगा मोठा आकार निवडावा. कांचेला चरे पडूं देऊं नयेत. ज्या कांचा वरच्या लेपामुळें किरण परत फिरवितात, त्यांचा लेप जेथें खरवडला तेथें संरक्षण संपलें. कांच मऊ कापडानें पुसावी, उन्हांत किंवा मोटारीच्या तापलेल्या टपाखालीं टाकूं नये. रंग उडाला, तडा गेला, किंवा एकदां प्रखर झोत लागून डाग पडला, तर चष्मा फेंकून द्यावा. त्यावर दया दाखविण्याची जागा ही नव्हे.

आणि एवढें सर्व करूनहि चष्मा हा शेवटचा पहारेकरी आहे, पहिला नव्हे. त्याच्या भरंवशावर किरणांत डोळा घालण्याची मुभा कोणालाहि मिळत नाहीं. पहिला पहारा म्हणजे लागेल तेवढ्याच शक्तीचा लेसर घेणें. तारे दाखविण्यास किंवा फळ्यावर बोट ठेवण्यास एक वॅट कधींच लागत नाहीं. दुसरा पहारा म्हणजे झोताची दिशा ठरलेली असणें, डोळ्यांच्या उंचीवरून तो न जाणें, आणि त्याच्या शेवटीं न चकाकणारी, न पेटणारी आडभिंत असणें. तिसरा म्हणजे कुलूप: किल्लीवांचून न चालणारें उपकरण घेऊन किल्ली मोठ्या माणसाजवळ ठेवणें. याखेरीज खोलींत जितके डोळे, तितके चष्मे. वर सांगितलेल्या घरांत धाकट्या बहिणीसाठीं पेटींत दुसरा चष्मा नव्हता, हीच त्या चित्रांतील सर्वांत भयंकर गोष्ट होती. लेसर चालविणाऱ्याला झोत कोणीकडे वळणार हें आधीं ठाऊक असतें. शेजारीं उभ्या असलेल्या मुलीला तें ठाऊक नसतें. मांजराच्या डोळ्यांचाहि येथें विचार व्हावा.

घराबाहेरच्या लोकांना तर चष्मा घालतांच येत नाहीं. आकाशांत जाणाऱ्या विमानाकडे झोत रोखणें हा अमेरिकेंत २०१२ पासून स्वतंत्र गुन्हा मानला जातो, कारण रात्रीं उतरणाऱ्या वैमानिकाचे डोळे दिपले तर शेंकडों माणसांचा प्राण धोक्यांत येतो. महाराष्ट्रांतहि गणेशोत्सवाच्या मिरवणुकींतील लेसर-झोतांमुळें डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या, आणि २०२४ सालीं पुण्यांत पोलिसांनीं उत्सवाच्या काळांत अशा झोतांवर बंदी घातली. ते झोत हातांतील नव्हते, मोठ्या यंत्रांतील होते; पण न्याय एकच. बाप्पाचें दर्शन घेण्यास आलेल्या माणसानें संरक्षक चष्मा लावून यावें अशी अपेक्षा कोण करील? जेथें बघणाऱ्यांना चष्मा देतां येत नाहीं, तेथें तो झोत लोकांच्या डोळ्यांकडे वळतां कामा नये.

इतकी काळजी घेऊनहि कधीं किरण डोळ्यांत गेलाच, तर डोळा चोळूं नये, गुलाबपाणी किंवा घरांतील कुठलेहि थेंब घालूं नयेत. दुखत नाहीं म्हणून कांहीं झालें नाहीं, असें समजूं नये. एकेका डोळ्यावर हात ठेवून दुसऱ्यानें वर्तमानपत्रांतील ओळ वाचून पाहावी. मध्येंच अक्षर गळत असेल, रेषा वांकडी दिसत असेल किंवा ठिपका कायम राहत असेल, तर त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें, आणि लेसरची पट्टी बरोबर न्यावी. तिच्यावरील आंकड्यांचा त्यांना उपयोग होतो. मुलांना मात्र आधींच सांगून ठेवावें कीं असें कांहीं घडलें तर लपवूं नका. रागावण्याच्या भीतीनें लपविलेली इजा उशिरां कळते.

आतां पुन्हां त्या घराकडे वळावें. वडिलांनीं पेटींतला लाल चष्मा हातांत घेऊन उजेडाकडे धरला. चौकटीवर ना तरंगलांबी, ना घनता, ना कोणत्या मानकाचें नांव. आंतल्या बाजूस फक्त एक कंपनीचें चिन्ह. मुलानें स्वतःच हजाराचीं तीन शून्यें मोजलीं आणि तो थोडा वेळ गप्प राहिला. त्या दिवशीं फळीवरचें नांव अर्धेंच राहिलें. लेसर किल्ली काढून कपाटांत गेला. पुढच्या महिन्याच्या खर्चांत दोन चष्म्यांची तरतूद झाली: एक त्याच्यासाठीं, एक बघणाऱ्यासाठीं, दोन्हीं वर ४५० हा आंकडा असलेले, घनता चारच्या पुढची, बाजू झांकणारे, आणि सोबत उत्पादकाचा आलेख असलेले. त्यांची किंमत लेसरच्या किंमतीहून जास्त झाली, तेव्हां मुलगा थोडा कुरकुरला. वडिलांनीं त्याला एवढेंच विचारलें कीं, बाजारांत लेसर दुसरा मिळेल, चष्माहि दुसरा मिळेल. डोळा कोणत्या दुकानांत मिळतो? यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि तें कोणाजवळहि नाहीं.